ट्रकवर आलेलं घर

ताई,

तुझं तेरावं झालं, माणसं आपापल्या गावी गेली, आणि घरात मशीनचा आवाज नाही हे मला रोज सकाळी नव्याने कळतं. वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहावेत असं कार्यकारिणीने सुचवलं. जन्म, शिक्षण, शिवणक्लास, स्वभाव मनमिळाऊ, असा मजकूर मी इतरांसाठी बरेचदा लिहून दिला आहे. तुझ्यासाठी तो लिहायला बसले की दुसऱ्या वाक्यालाच तू अडवतेस. मनमिळाऊ तर तू नव्हतीसच. शिवाय आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि ते राहिलेलं असताना तुझ्याबद्दल तिऱ्हाईतासारखं लिहिणं मला जमत नाही. म्हणून घराबद्दल लिहिते, आणि तुलाच लिहिते.

घराची गोष्ट तुझ्या खराट्यापासून सुरू होते. महाडच्या बाजारातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत पुराचं पाणी शिरून गेलं होतं. मी माळ्यावर चढवलेली पुस्तकं एकेक करून खाली काढत होते आणि तू साडी खोचून दारातून चिखल लोटत होतीस. मध्येच थांबलीस, खराटा भिंतीला टेकवलास आणि म्हणालीस, "नंदे, दुसऱ्याच्या घरातला चिखल मी आयुष्यभर काढला. यापुढे काढीन तर स्वतःच्या घरातला." मी हसले. एक वाचनालयातली ग्रंथपाल आणि एक ब्लाउज शिवणारी, दोघी बिनलग्नाच्या, केस पिकलेल्या. आपण घर कशातून घेणार होतो?

महाडातले फ्लॅट बघून झाले. बघून झाले म्हणजे खालून बघून झाले. मग पोलादपूरच्या वरच्या अंगाला, मामाच्या वाडीत आईच्या वाट्याची जी थोडी जागा होती, तिथे बांधायचं ठरवलं. ठेकेदार आला, चढाचा रस्ता बघून त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि नुसत्या वाळू-खडीच्या वाहतुकीचा जो आकडा सांगितला, त्यावर तू त्याला चहा पाजून परत पाठवलंस. "बिचारा दमला असेल," एवढंच म्हणालीस.

हायवेच्या कडेचा तो तयार घरांचा कारखाना एसटीच्या खिडकीतून मी किती वर्षं बघत होते, पण तिथे माणसं राहायला घर घेतात हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझ्या आलं. एका रविवारी तू मला तिथे उतरवलंस. मुकादमाने आपल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ऑफिस टाकायचंय की टपरी?"

"राहायचं आहे."

"दोघींनी?"

"का, तुम्ही येताय?"

त्यानंतर तो तुझ्याशी जपून बोलायला लागला. नारळ घेताना वाजवून बघावा तशी तू प्रत्येक घराची भिंत बोटाने वाजवून बघितलीस. नवीन घरं आपल्या आवाक्यात नव्हती. बँकेत मी आधीच जाऊन आले होते. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सौम्यपणे विचारलं, "मॅडम, हे उचलून नेता येतं ना? मग आम्ही तारण काय धरायचं? आमच्या हिशेबी हे घर होत नाही." घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू मशीन थांबवली नाहीस. म्हणालीस, "त्यांच्या हिशेबी नसेल. तू तोंड पाडू नकोस." पोस्टात साठलेलं तुझं आणि पतपेढीतलं माझं, एवढ्यात जे बसेल ते घ्यायचं होतं.

बसलं ते आवाराच्या अगदी टोकाला उभं होतं. हायवे रुंद करणाऱ्या कुणा ठेकेदाराचं ते जागेवरचं ऑफिस होतं. काम पुढे सरकेल तसं तेही रस्त्याने पुढे सरकत गेलं होतं आणि काम संपल्यावर परत आलं होतं. दोन खोल्या, मधल्या भिंतीला हाताएवढी खिडकी. मुकादम म्हणाला, "यातून मजुरांचा पगार वाटायचे. बुजवून देतो." तू म्हणालीस, "राहू दे. यातून मी हिला चहा देईन. साहेब आहे आमची." नवा रंग, नवं छप्पर, फरशीच्या जागी पोलादी चौकटीवर जाड फळ्या. सगळं ठरलं आणि निघताना तू मागे वळलीस. "प्लग सगळे वर घ्या. माझ्या डोक्याएवढे."

"घर ठेवायचंय कुठे?"

"पोलादपूरच्या वर. डोंगरात."

"अहो ताई, मग तिथे पाणी कुठून चढणार?"

तू त्याच्याकडे दयेने पाहिलंस. "तुम्ही महाडचे नाही वाटतं," म्हणालीस.

आज फोन चार्जिंगला लावायला मला टाचा उंचवाव्या लागतात. लावताना दर वेळी तुझ्यावर चिडते, आणि दर वेळी ते वाक्य ऐकू येतं.

घर आलं तो दिवस आठवतो? ट्रकच्या पुढे तू चालत होतीस, हातात छत्री मिटलेली. घराच्या छपरावर आपला मामेभाऊ दत्ता सुकी बांबूची काठी घेऊन बसला होता आणि वाटेतल्या विजेच्या तारा एकेक उचलून देत होता. वाडीच्या वळणावर ट्रक अडला. पुढे जाईना, मागे येईना. सगळी वाडी बाहेर आली. पारावर बसलेल्या म्हातारीने विचारलं, "काय गो सुमन, वरात कुणाची?"

तू कपाळावरचा घाम पुसलास. "मी करवली हाय गो आजी. नवरी ट्रकवर बसलीय."

महाडात तू 'आहे' म्हणायचीस. पोलादपूरला उतरून वाडीच्या जीपमध्ये पाय ठेवलास की 'हाय' सुरू व्हायचं, आणि मला ते कधीच जमलं नाही. सगळे हसले, मीही हसले. आपल्या दोघींच्या वाट्याला वरात आली नव्हती हे त्या क्षणी आठवलं, पण त्यात दुखण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटी बांधावरचे दगड काढून वळण रुंद केलं, क्रेनने घर उचललं आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांवर अलगद ठेवलं. घराखाली कोंबडी फिरेल एवढी मोकळी जागा राहिली.

वाडीने त्याला 'डबा' म्हणायला सुरुवात केली. दत्ताची पोरं "डब्यातल्या आत्या" म्हणून हाक मारायची. तू त्यांना चिडवू दिलंस. पण एका गोष्टीवर तू हटून बसलीस, आणि तिथे आपलं भांडण सुरू झालं.

वास्तुशांतीचं विचारायला गुरुजी आले होते. ते आत आले, खिशातून मोबाइल काढला आणि त्यातल्या होकायंत्रावर आग्नेय दिशा शोधायला लागले. काटा फिरतच राहिला. पोलादी भिंतींत त्याला दिशा सापडेना. शेवटी गुरुजी अंगणात जाऊन उभे राहिले, तिथून हात लांब करून म्हणाले, "तो कोपरा." मग परत आत येऊन पायाने फळी वाजवली. खालून पोकळ आवाज आला. "इथे वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायची असते," ते म्हणाले. "पण पुरणार कुठे? जमीन कुठे आहे?"

मी लगेच म्हटलं, चौकटीच्या पोकळीत डबीत घालून ठेवू. घराबरोबर राहील. तू म्हणालीस, पुरायची म्हणजे मातीत. घराखाली, त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, खड्डा खणून.

"आणि उद्या घर हलवावं लागलं तर?" मी विचारलं.

"का हलवायचं?"

मी वर पाहिलं. मागच्या उताराकडे. तू महाडची होतीस, तुझी नजर पाण्यासाठी सारखी खाली जायची. मी या वाडीत आले तशी माझी नजर वर जायला लागली. वर्तमानपत्रं मीच वाचत होते, दरडींच्या बातम्या मीच कापून ठेवत होते. आपल्या घराची मला वाटणारी एकमेव मोठी सोय हीच होती, की ते उचलता येतं. काही झालं तर क्रेन बोलवायची आणि निघायचं. भिंतीत पुस्तकं, पोकळीत वास्तुपुरुष, सगळं सोबत.

तू म्हणालीस, "पुरातून पळाले. आता दरडीतून पळवणार. मला किती पळवशील गो? हे घर आधीच रस्ताभर हिंडून आलंय. आता तरी कुठेतरी टेकू दे त्याला."

"घर म्हणजे या चार भिंती, ताई. जमीन काय, कुठेही असते."

"मग ती बँकवाली माणसं बरोबर होती म्हण."

मी पुस्तकं लावायला उठले. तू मात्र तिथे थांबली नाहीस, तू कुठेच थांबायची नाहीस. पावसाळा सुरू झाला तसं हे भांडण आणखी गमतीचं झालं. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की एकमेकींचा शब्द ऐकू यायचा नाही. मी पुस्तक उघडायचे. तू त्या पगाराच्या खिडकीतून चहाचा कप आत सरकवायचीस आणि डोकं घालून ओरडायचीस, "मातीत!" मी पुस्तकातून वर न बघता मान हलवायचे. तो सगळा पावसाळा आपण असा काढला. इतकं सुख मला पूर्वी कधी झालं नव्हतं, हे तुला सांगायचं राहिलं. ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, आणि पाऊस थांबल्यावर आपण दोघी कामाला लागायचो.

वास्तुशांत लांबत गेली. दिवाळीच्या सुमारास तू मशीन उचलून बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात नेलीस. मी म्हटलं, खिडकीजवळचा उजेड सोडून तिकडे काय? म्हणालीस, तिकडे उजेड बरा आहे. नव्हता. दुपारी तुला दिवा लावून काज करावे लागायचे. पण तुझ्या उजेडाबद्दल तुझ्याशी कोण वाद घालणार?

त्याच सुमारास मी महाडच्या भांड्याच्या दुकानातून तांब्याची प्रतिमा आणली. पुस्तकांच्या मागे ठेवली. मनातून मी हरले होते. पावसाळाभर उतार जागच्या जागी राहिला होता आणि त्याच्याकडे बघायची मलाही सवय झाली होती. तू म्हणशील तिथे घालू, असं म्हणायचं ठरवलं होतं. फक्त तू थोडी शांत होण्याची वाट बघत होते, म्हणजे माझं म्हणणं हार मानल्यासारखं दिसलं नसतं. तू शांत होशील असं मला खरंच वाटत होतं, ताई.

तुझं जाणं मी इथे लिहिणार नाही. सकाळ होती, मशीन चालू होती, आणि मग ती चालू नव्हती. दत्ताने जीप काढली. पोलादपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या मांडीवर तुझं डोकं होतं आणि तुझ्या पदराला टाचणी लावलेली होती. ती टाचणी माझ्याकडे आहे. बाकीचं राहू दे.

तेराव्यानंतर दत्ता माझ्यासमोर येऊन बसला. हातातली टोपी फिरवत होता. "नंदाताय, तू हितं एकटी काय करनार? महाडात खोली बघतो. वाचनालय जवळ पडंल. डब्याला गिऱ्हाईक मिळंल, रस्त्यावरच्या हाटेलवाल्यांना असली घरं पायजेच असतात. आला तसा जाईल."

त्याचं चुकलं नव्हतं. आला तसा जाईल हेच तर मी तुला इतके महिने सांगत होते. एकटीने रोज इथून महाडला जाणं-येणं, पावसात वाट, वर तो उतार. मी हो म्हटलं. अगदी सहज म्हटलं. तू भांडायला नव्हतीस तेव्हा मीच जिंकले, आणि त्या जिंकण्याचं मला काहीच करता येईना.

गिऱ्हाईक आलं. महाबळेश्वरच्या रस्त्याला चहा-भजीचं हॉटेल काढणारा तरुण माणूस, बोलायला चांगला. भिंती वाजवून बघितल्या, तुझ्यासारख्याच. पगाराची खिडकी बघून खूश झाला. प्लग एवढे वर का, विचारलं. दत्ता म्हणाला, "ती महाडची व्हती." मग तो फळ्या तपासायला लागला. कुठे ओल धरली आहे का बघायला त्याने कोपऱ्यातली तुझी मशीन बाजूला सरकवली.

खाली, गुरुजींनी दाखवलेल्या त्याच कोपऱ्यात, फळीत एक चौकोन कापलेला होता. वीतभर रुंद, नीट तासलेला, चार कोपऱ्यांना चार स्क्रू.

"हे काय हो?" त्याने विचारलं.

मी दत्ताकडे पाहिलं. दत्ताने टोपी काढली. "तिनं सुताराकडनं कापून घेतलं. तू वाचनालयात व्हतीस तवा. बोलली, नंदीला येवढ्यात सांगू नको, वास्तुशांतीला दावू."

"कशासाठी?"

"तुझं म्हननं राखायला. बोलली, नंदी म्हंते तसं घरातच ठेवू, फळीच्या पोटात. तिला भ्या वाटतंय, तर राहू दे तिच्या मनासारखं."

वैनी, म्हणजे दत्ताची बायको, दारात उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "काय पन नको सांगू. मला ताय बोलली ते येगळंच. बोलली, घराच्या आतनं हात घातला तर थेट मातीला लागला पायजे. वरनं नंदीला वाटंल घरात हाय, आनि खाली असंल जमिनीत."

"मला तसं नाय बोलली."

"तुला कशाला बोलंल? तू जाऊन नंदाला सांगशील."

दोघं तिथेच भांडायला लागली. तो हॉटेलवाला बिचारा मशीनच्या चाकावर हात ठेवून उभा राहिला. मी तुझ्या मशीनच्या डब्यातला स्क्रू फिरवायचा पेचकस आणला, खाली बसले आणि चारही स्क्रू काढले. झाकण उचललं. खालून गार हवा आली, मातीचा वास आला. अंधारात काहीतरी हललं. वैनीची तांबडी कोंबडी तिथे अंड्यावर बसली होती. तिने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, मी कोण घरात डोकावणारी, अशा नजरेने. मी हात आत घातला. खांद्यापर्यंत गेला तेव्हा बोटं जमिनीला टेकली.

तू हार मानली होतीस की मला फसवलं होतंस, हे मला कधीच कळणार नाही. दोन्ही तुझ्या स्वभावात बसतं. त्या उजेड नसलेल्या कोपऱ्यात दिवाळीपासून मशीन लावून तू रोज माझ्याशी वाद घालत होतीस, आणि तुझ्या पायाखाली त्याचा शेवट कापून ठेवलेला होता. पुस्तकांच्या मागे माझा होता. दोघींपैकी कुणीही आधी बोललं असतं तर... पण मग आपण एकमेकींना काय ओरडून सांगितलं असतं?

हॉटेलवाल्याला मी चहा दिला. खिडकीतूनच दिला. त्याची क्षमा मागितली. तो समजूतदार निघाला. म्हणाला, "माझ्या आजीचं असंच होतं," म्हणजे नेमकं कसं ते त्याने सांगितलं नाही.

दत्ता दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घराखालून ठोकल्याचा आवाज आला. तो खाली सरपटत शिरला होता. ट्रकला वळण द्यायला काढलेले बांधावरचे दगड त्याने आणले होते आणि त्या कोपऱ्याखाली जमिनीपासून थेट फळीपर्यंत त्यांचा पोकळ खांब रचत होता. मध्ये माती भरली. ती मी वरून, झाकणातून, ओंजळीने घातली. तू अंगणात लावलेल्या शेवग्याच्या बुंध्याजवळची होती. माती हळूहळू वर आली आणि फळीच्या अगदी खाली येऊन थांबली. आता ती घरातही आहे आणि जमिनीतही. कोंबडीला अंड्यांसकट शेजारच्या ठोकळ्यापाशी हलवावं लागलं. ती अजून रागात आहे.

उताराची भीती गेलेली नाही. पावसाळ्यात मी वर बघणारच. मोठा पाऊस लागला तर दत्ताच्या घरी झोपायला जाईन, तसं वैनीला कबूल केलं आहे. पण क्रेनचा नंबर मी फोनमधून काढून टाकला.

काल गुरुजींना फोन केला. टाचा उंचवून, प्लगला लावलेल्या फोनवर. म्हटलं, वास्तुशांत करायची आहे, जागा तयार आहे. ते म्हणाले, घरात मृत्यू झाला आहे, वर्ष जाऊ द्या, पुढच्या वर्षी चांगला दिवस बघून करू. मग त्यांनी विचारलं, "पण नंदाताई, मी असं ऐकलं की तुम्ही ते विकताय. पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा घर तिथे असेल ना?"

"असेल," मी म्हटलं. "तिथेच असेल!"

आवाज एवढा मोठा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. पत्र्यावर पाऊस नव्हता, काही नव्हतं, संध्याकाळ शांत होती. खालच्या घरातून वैनीने हाक मारून विचारलं, "काय गो नंदा, कुनाशी भांडतेस?"